तीनशे दहा मीटर

शेखर सरांनी वर्षालीला चाकणला पाठवलं ते एका सहीसाठी. "आपलं यंत्र ठीक आहे एवढं बघ, रिपोर्ट लिहून दे आणि दुपारपर्यंत परत ये," असं ते म्हणाले होते. तळवड्यातल्या एका शेडमध्ये त्यांची अकरा माणसांची कंपनी होती. विषारी वायू हुंगणारे डिटेक्टर कारखान्यांत बसवून द्यायचे, हा त्यांचा धंदा. वर्षाली मूळची लातूर जिल्ह्यातली. डिप्लोमा करून इकडे आली, पहिली दोन वर्षं तिनं टेबलावर वाकून सोल्डरिंग केलं, आणि गेली तीन वर्षं कुठल्या जागी काय बसवायचं, केबल किती जाड आणि किती लांब टाकायची, हे सगळं तीच ठरवायची. त्यासाठी तिनं कॉम्प्युटरवर एक शीट बनवली होती. त्यात चार आकडे भरले की केबल जास्तीत जास्त किती लांब चालेल ते खाली लगेच दिसायचं. सरांनी तेव्हा सगळ्या स्टाफसमोर तिचं कौतुक केलं होतं, आणि तेव्हापासून सगळे तीच शीट वापरत होते.

निघोज्याच्या रस्त्यानं तिची स्कूटर कंपनीच्या गेटवर पोचली तेव्हा दहा वाजले होते. गाड्यांच्या सीटसाठी फोम बनवणारी मोठी कंपनी होती. कँटीनचं आणि बाथरूमचं सांडपाणी मागच्या कोपऱ्यातल्या एका जमिनीखालच्या टाकीत जमायचं. आधीच्या गुरुवारी ते सगळं घडलं होतं त्याच टाकीवर.

पंप अडकला म्हणून धम्मपाल नावाचा फिटर लोखंडी झाकण बाजूला करून दोर ओढायला वाकला आणि वाकल्या जागीच आडवा झाला. सडक्या अंड्यासारखा वास येणारा तो वायू जास्त झाला की नाकच मरतं, वाससुद्धा येत नाही. तिथं काम करणाऱ्या सोनबा नावाच्या ऑपरेटरनं त्याला बगलेत धरून वीस-पंचवीस पावलं फरफटत उघड्यावर आणला, म्हणून तो वाचला. चार दिवस दवाखान्यात काढून धम्मपाल घरी गेला. पण त्या टाकीवर वर्षालीच्या कंपनीनं बसवलेला डिटेक्टर होता, त्याला जोडलेला भोंगा होता. वायू वाढला की तो साऱ्या कंपनीला ऐकू जाईल असा बोंबलायला हवा होता, आणि त्या दिवशी तो कुणीच ऐकला नव्हता.

"हे बघा," कंपनीच्या सेफ्टी ऑफिसर मोनिका मॅडमनी पॅनेल रूममध्ये डिटेक्टरच्या नोंदींचा एक छापील कागद तिच्यापुढे धरला. "अकरा वाजून आठ मिनिटांनी डिटेक्टर बंद. नऊला चालू. दहाला परत बंद. असं पाच वेळा. टाकीजवळच्या खांबावर त्याचा स्विच आहे, आणि तिथं एकटे सोनबा होते."

"त्यांनी कशाला बंद केला असेल?"

"भोंगा उगाच कुकारतो अशी तक्रार त्यांनी आधी दोनदा केली होती. कंटाळून बंद केला असणार." मॅडमच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. "मला तरी कुठं बरं वाटतंय? अठरा वर्षं झाली त्यांना इथं. पण लॉगमध्ये जे आहे ते आहे. आज चार वाजता चौकशी आहे. तुमचा रिपोर्ट मिळाला की विषय मिटेल."

वर्षालीनं काम सुरू केलं. पॅनेलवर चोवीस व्होल्ट निघत होते. ती चालत मागच्या कोपऱ्यात गेली, डिटेक्टरचं झाकण उघडून मल्टिमीटर लावला. तिथं बावीस पूर्णांक तीन मिळत होते. डिटेक्टर चालायला कमीत कमी अठरा लागतात. म्हणजे भरपूर झाले. स्क्रू घट्ट होते, आत ओल नव्हती, आकडा शून्यावर स्थिर होता. तिनं रिपोर्टच्या प्रत्येक रकान्यात 'ठीक' लिहिलं आणि सहीसाठी पेन टेकवलं.

पण पेन पुढे सरकेना. आठ मिनिटांत पाच वेळा! भोंग्याला कंटाळलेला माणूस स्विच एकदा बंद करील आणि निघून जाईल. तो परत परत चालू कशाला करील?

"सोनबा आत्ता कुठं भेटतील?" तिनं विचारलं.

"सस्पेंड आहेत, पण रोज ड्युटीच्या वेळेला येऊन गेटसमोर बसतात," मॅडम म्हणाल्या आणि दुसरीकडे बघू लागल्या.

गेटच्या पलीकडे चहाच्या टपरीमागं दगडावर एक साठीला टेकलेला माणूस बसला होता. इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर टोपी, मांडीवर डबा. वर्षालीनं जवळ जाऊन ओळख सांगितली.

"मामा, तो डिटेक्टर आमच्या कंपनीनं बसवलाय. मी तपासायला आलेय."

"आल्या का? मंग बगा नीट. आमाला आता आत सोडत न्हाईत."

"त्या दिवशी भोंगा वाजला होता का हो?"

सोनबानं मांडीवरचा डबा बाजूला ठेवला. या माणसाची ख्याती अशी, की पंपाच्या नुसत्या आवाजावरून कुठलं बेअरिंग जाणार ते सांगायचा. ऐकलेल्या गोष्टीबद्दल तो घाईनं बोलणारा नव्हता.

"वाजला बी आन् न्हाई बी," तो म्हणाला. "एकदा नुसतं कुक केलं. मंग गपगार. कुणी नरडं धरावं तसं. पुन्यांदा मिनिटभरानं कुक, आन् पुन्यांदा गप. म्या वर बगितलंच न्हाई. धम्मपालच्या दोन्ही बगलंत हात घातलं हुतं."

"स्विचला हात लावला नव्हता?"

"तिसरा हात कुठनं आणू, ताई?"

तो चिडून बोलला नव्हता. अगदी साधं विचारलं होतं त्यानं, जणू त्यालाच उत्तर हवं होतं. वर्षाली तशीच मागं फिरली आणि आत जाऊन मोनिका मॅडमना म्हणाली, "मॅडम, मला खरा वायू देऊन बघायचाय. भोंगा जोडलेला असताना."

"भोंगा वाजला तर दोन शिफ्टची माणसं पळत बाहेर येतील."

"मग आधी माइकवरून सांगा. पण याच्याशिवाय मी सही करू शकत नाही."

अर्ध्या तासानं घोषणा झाली. वर्षालीनं टेस्ट गॅसचा छोटा सिलिंडर आणला, त्याची नळी डिटेक्टरच्या तोंडाला बसवली. मल्टिमीटर डिटेक्टरच्या तारांना लावून ठेवला आणि मधल्या वेळात दिसलेला सर्वांत कमी आकडा धरून ठेवायचं बटण दाबलं. मग हळूच व्हॉल्व्ह सोडला. पडद्यावर आकडे चढू लागले. पाच. नऊ. बारा. पंधरा झाले तसा आत 'टक्' आवाज झाला, भोंगा एकदाच कुक करून गप्प झाला, आणि डिटेक्टरचा पडदा काळा पडला.

स्विच खांबावर होता. वर्षाली आणि मोनिका मॅडम दोघी त्याच्यापासून चार हातांवर उभ्या होत्या.

मिनिटभरात पडदा परत उजळला, आकडे चढले, टक्, कुक, अंधार. तिसऱ्यांदाही तेच. मल्टिमीटरनं धरलेला आकडा होता सोळा पूर्णांक दोन.

"म्हणजे सोनबांनी..." मॅडम म्हणाल्या आणि थांबल्या.

"त्यांनी काहीच केलं नाही. भोंगा सुरू झाला की तो जास्त करंट ओढतो. तेवढ्यात डिटेक्टरला वीज कमी पडते आणि तो बंद पडतो. तो पडला की भोंगाही पडतो. मग ओढ थांबते, व्होल्टेज परत चढतं, डिटेक्टर जागा होतो, मिनिटभर तापतो, आणि पुन्हा तेच. वायू असतो तेव्हाच तो बंद पडतो, मॅडम. एरवी तुम्ही कधीही येऊन बघा, सगळं ठीकच दिसणार."

"पण बसवताना तुम्ही टेस्ट केली होती की."

केली होती. वर्षालीला आठवलं. भोंगा आधी आला, तो बटण दाबून वाजवून बघितला. डिटेक्टर दोन दिवसांनी बसला, त्याला वायू दिला तेव्हा शिफ्ट चालू होती. माणसं घाबरतील, भोंग्याची तार काढून ठेवा, असं कंपनीनंच सांगितलं होतं. दोन्ही वेगवेगळे पास झाले. दोन्ही एकत्र कधी चाललेच नव्हते. तिनं हे सांगितलं तेव्हा मोनिका मॅडमनी खाली बघितलं. ती सूचना कुणी दिली होती ते वर्षालीनं विचारलं नाही आणि मॅडमनीही सांगितलं नाही.

आता वर्षालीला केबलचा संशय आला. कुठंतरी कुणी मध्येच जोड दिला असेल, तो सैल झाला असेल. ती केबलच्या कडेकडेनं पॅनेल रूमपर्यंत चालत गेली. शेडच्या भिंतीवरून, पाइपांच्या रॅकवरून, मागच्या रस्त्यावरून. जोड कुठंच नव्हता. केबलच्या अंगावर दर मीटरला आकडा छापलेला असतो. टाकीपाशी तीनशे बावीस होता आणि पॅनेलपाशी बारा. म्हणजे सलग तीनशे दहा मीटर. तिनं मोबाइलवर आपली जुनी शीट उघडली. या जागेसाठी तिनं स्वतः भरलेले आकडे समोर आले, आणि खाली ठळक उत्तर दिसलं: जास्तीत जास्त लांबी चारशे शहात्तर मीटर. तीनशे दहा तर त्याच्या किती आत होते!

ती पॅनेल रूमच्या पायरीवर बसली आणि रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हातानं गणित मांडलं. चोवीस व्होल्ट निघणार, अठरा पोचायला हवेत. वाटेत सहा व्होल्ट गेले तर चालतील. भोंग्यासकट करंट शून्य पूर्णांक सात अँपिअर. सहाला सातदशांशनं भागलं की साडेआठ ओहम, एवढा अडथळा चालेल. एका किलोमीटर तारेचा अडथळा अठरा ओहम. उत्तर चारशे शहात्तर. बरोबर होतं.

मग तिनं उलट बाजूनं सुरुवात केली. प्रत्यक्षात सोळा पूर्णांक दोन मिळाले. म्हणजे वाटेत सात पूर्णांक आठ गेले. सातदशांशनं भागले तर अकरा ओहमच्या वर. पण तीनशे दहा मीटर तारेचा अडथळा तर साडेपाचच्या आसपास हवा. मग अकरा कुठून आले?

अकरा म्हणजे साडेपाचाची दुप्पट.

समोर पॅनेलमध्ये केबलचं सोललेलं टोक होतं. आत दोन तारा, एक लाल आणि एक काळी. वर्षाली त्या दोन तारांकडे बघत राहिली. करंट लाल तारेनं टाकीपर्यंत जातो आणि काळ्या तारेनं तेवढाच परत येतो. तीनशे दहा मीटर जायचे, तीनशे दहा यायचे. अडथळा दोन्हीकडे. तिनं शीटमध्ये नुसतं जाणं धरलं होतं. चारशे शहात्तरच्या जागी उत्तर यायला हवं होतं दोनशे अडतीस.

इतकी साधी गोष्ट! डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाच्या मुलानंसुद्धा केली नसती अशी चूक. दवाखान्यात चार दिवस पडलेला माणूस, गेटसमोर डबा घेऊन बसलेला माणूस, सगळं त्या एका रकान्यातून आलं होतं. आणि तो रकाना तिनं भरला होता.

मग तिच्या मनात एक सोपं वाक्य तयार झालं. 'केबलमध्ये व्होल्टेज कमी पडल्यामुळे यंत्र बंद पडत होते.' त्यात खोटं काही नव्हतं. सोनबा सुटत होते. केबल कुणाच्या गणितानं आली हे कुणी विचारलंही नसतं. वाक्य लिहायला तिनं कागद सुलटा केला, आणि तेव्हाच तिला बाकीची ठिकाणं आठवली. भोसरीतलं एक, पिंपरीतली दोन, तळवड्यातलंच एक, चाकणला अजून तीन. सात ठिकाणी त्याच शीटवरून केबल गेली होती.

तिनं शेखर सरांना फोन लावला. सगळं सांगितलं, मध्ये न थांबता. फोनवर मागं शेडमधल्या ड्रिलचा आवाज येत होता.

"तू असं कर," सर म्हणाले, "केबलमध्ये व्होल्टेज कमी पडतं एवढंच लिही. खरंच आहे की ते. त्या माणसाचंही काम होईल. बाकीचं आपण आपलं गुपचूप दुरुस्त करू."

"गुपचूप कसं करणार, सर? सात कंपन्यांत जाऊन केबल बदलणार आणि का ते सांगणार नाही? आणि आपण पोचेपर्यंत तिथं कुणी टाकीत वाकलं तर?"

"वर्षाली, आपली अकरा माणसं आहेत."

"मला माहिती आहे, सर." तिचा आवाज चढला होता, आणि अशा वेळी तिच्या बोलण्यात लातूर यायचंच. "पण असं अर्धं मी लिहीत नसते बगा. नोकरी राहो न राहो."

पलीकडे ड्रिल थांबलं. फोन कट झाला की काय म्हणून तिनं पडद्याकडे बघितलं.

"त्या शीटवर तपासणाऱ्याची सही कुणाची आहे?" सरांनी विचारलं.

"तुमची."

"बघितली नव्हती मी. तू केलीय म्हणजे बरोबर असणार, असं धरून सही ठोकली. दोघांची नावं लिही. चारच्या आत येतो मी. आणि सातही ठिकाणी आत्ता फोन करायला सांगतो, टाकीचं झाकण उघडू नका म्हणून."

चौकशी ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये झाली. एचआरचे दोघे, मोनिका मॅडम, शेखर सर, वर्षाली, आणि टेबलाच्या टोकाला टोपी हातात घेऊन उभे सोनबा. बसा म्हटलं तरी ते बसले नाहीत. वर्षालीनं कागदावर दोन तारा काढल्या, आकडे लिहिले आणि शेवटी म्हणाली, "स्विचला कुणी हात लावलेला नाही. चूक गणितात होती. ते गणित मी केलं होतं."

"आणि मी न बघता पास केलं होतं," शेखर सर म्हणाले.

एचआरच्या माणसानं लॉगचा कागद उलटसुलट करून बघितला. "सोनबा, तुम्हाला काही म्हणायचंय?"

सोनबा वर्षालीकडे वळले. "ताई, येक इचारू? दिवाळीच्या आदी दोनदा त्यो असाच कुकारला हुता. म्या तक्रार बी दिली हुती. तवा बी ग्यास हुता का मंग?"

ती तक्रार वर्षालीला आठवली. ईमेल तिच्याकडेच आला होता. आकडे बघायची गरज तिला वाटली नव्हती. 'दमटपणामुळे होऊ शकते, कनेक्टर कोरड्या फडक्याने पुसून घ्यावा,' असं तिनं दोन ओळींत कळवलं होतं.

"होता, मामा," ती म्हणाली. "तेव्हाही होता."

"तवा म्या झाकान उघडून आत वाकून बगितलं हुतं," सोनबा म्हणाले. "पंप चालू हाय का ते."

सोनबांनी टोपी डोक्यावर ठेवली, नीट बसवली आणि म्हणाले, "येक तर खरं निगालं. भोंगा खोटं वरडत नव्हता. आमीच त्याला खोटं म्हनत हुतो." मग ते एचआरकडे वळले. "आता आत जाऊ का? तिसऱ्या पंपाचा आवाज परवापास्नं बदललाय, हितवर ऐकू येतोय मला."

त्यांना त्याच दिवशी आत घेतलं. सस्पेन्शनचे दिवस हजेरीत धरले. भोंग्याची तार डिटेक्टरच्या केबलपासून तोडून त्याला जवळच्या पंपहाउसमधून वेगळी वीज दिली, आणि पुढच्या आठवड्यात अडीचपट जाड तांब्याची केबल आली. तिच्यावरून सगळा भार टाकला तरी टाकीपाशी वीस पूर्णांक आठ व्होल्ट मिळणार होते. हे गणित वर्षालीनं तीनदा केलं आणि सरांनी चौथ्यांदा, पेन्सिल घेऊन.

मधल्या दिवसांत ती आणि सर सरांच्या गाडीतून सातही ठिकाणी गेले. प्रत्येक ठिकाणी आधी चूक सांगायची, मग केबलवरचे आकडे वाचायचे, मग भोंगा जोडलेला ठेवून वायू द्यायचा. पाच ठिकाणी अंतर कमी होतं म्हणून निभावलं होतं. भोसरीत दोनशे पासष्ट मीटर निघाले आणि चाकणमध्ये एका ठिकाणी दोनशे नव्वद. भोसरीचा भोंगा कुक करून बंद पडला तेव्हा तिथला मॅनेजर स्वतः जाऊन टाकीच्या झाकणाला कुलूप लावून आला. चाकणच्या त्या कंपनीनं दुसऱ्याच दिवशी कळवलं की पुढचं काम ते दुसऱ्या कुणाला देतील. गाडीत सर म्हणाले, "चल, पुढच्या ठिकाणी उशीर होतोय," आणि एवढंच.

एक काम मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं. नवी केबल टाकायच्या आदल्या दिवशी, रविवारी, ती एकटीच मेदनकरवाडीत गेली. एका चाळवजा इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर धम्मपाल राहत होता. दार त्याच्या बायकोनं, अंजलीनं उघडलं. आत पलंगावर पस्तिशीचा एक उंच माणूस उशीला टेकून बसला होता. आवाज अजून घोगरा होता, दोन वाक्यांनंतर खोकला यायचा.

वर्षालीनं खुर्चीच्या काठावर बसून सांगितलं. भोंगा का वाजला नाही, कुणाच्या चुकीनं. वाटेत तिनं बरीच वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही तोंडात आलं नाही. "दोन तारा होत्या. मी एकच मोजली," एवढंच ती म्हणाली.

"एकच मोजली!" अंजली म्हणाली. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "माझी दोन लेकरं शाळेतून आली तर घराला कुलूप. शेजारणीनं सांगितलं बाप दवाखान्यात आहे म्हणून. रात्रभर पोरगी विचारत होती, पप्पा बोलतील का? आणि तुम्ही म्हणता एकच मोजली!"

वर्षालीनं मान खाली घातली.

"अंजली," धम्मपाल म्हणाला, मग वर्षालीकडे बघून, "तुम्ही लातूरच्या का?"

"औशाजवळच्या."

"बोलण्यावरून वाटलंच. मी परभणीचा." तो खोकला, पाणी प्यायला. "कागद आहे का? काढून दाखवा बरं."

तिनं बॅगेतून कागद काढला. त्यानं तो गुडघ्यावर घेतला, प्रश्न विचारले, आकडे बोटांनी चाचपले. फिटर होता, एकदा कळलं की त्याला पुरतं कळायचं. "म्हणजे जितकं लांब दिसतं त्याच्या दुप्पट धरायचं," तो म्हणाला. "आणि भार धरायचा तो सगळं एकदम चालू असतानाचा. निवांत असतानाचा नाही."

"हो."

"हे तिथं भिंतीवर लिहून लावा. इंग्रजीत नको. आमच्यातल्या कुणालाही वाचता आलं पाहिजे." थोड्या वेळानं तो म्हणाला, "सोनबामामाला सांगितलं का हे सगळं?"

"सगळ्यांसमोर सांगितलं."

"हां. मग ठीक आहे." तो उशीला टेकला. "उद्या मी येतोय कामावर. डॉक्टर अजून दोन दिवस म्हणतात, पण नुसतं बघायला येतो. नवी केबल टाकल्यावर तुमचा भोंगा मला माझ्या कानानं ऐकायचाय. तोपर्यंत मी काय, दुसरा कुणीही झाकणाला हात लावणार नाही."

"मी असेन तिथं," वर्षाली म्हणाली.

निघताना अंजली तिच्यामागून जिन्यापर्यंत आली. कठड्यावर वाळत घातलेले मुलांचे युनिफॉर्म तिनं उगाच सारखे केले.

"तुम्ही आला नसता तर आम्हाला कधी कळलंही नसतं," ती म्हणाली. "नशीब म्हणून सोडून दिलं असतं. आता राग कुणावर धरायचा ते कळलं, आणि तुम्ही तर समोर येऊन बसलात. हे बरं झालं का वाईट, मला अजून समजंना."

"धरा राग," वर्षाली म्हणाली. "चालेल."

अंजलीनं तिच्याकडे एकदा नीट बघितलं आणि आत गेली. दार मात्र तिनं आपटलं नाही. वर्षाली जिना उतरली. सकाळी साडेआठला टाकीपाशी पोचायचं तर घरून सातलाच निघायला हवं होतं, आणि त्याआधी भिंतीवर लावायचा तो कागद मोठ्या अक्षरांत, मराठीत लिहून काढायचा होता.